केंद्रासमोरचं टेबल

माझ्या वहिनीला राग येतो. चांगला घसघशीत येतो आणि एकदा आला की पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसतो. पण उगाच येत नाही, हे मी तिची नणंद असून सांगते. नणंदच भावजयीची बाजू घ्यायला लागली की समजावं, गोष्ट तशीच काहीतरी असणार.

आमचा धंदा खराऱ्याचे ब्रश करण्याचा. घोड्याला खरारा करतात ना, ते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कातारी. तो लाकडाची पाठ घडवतो आणि तिला चाळणीसारखी भोकं पाडतो. वहिनी त्या भोकांतून केसांचा एकेक झुबका ओढून मागून तारेने आवळते. मी वरून चामड्याचा पट्टा शिवते, घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला हात अडकवायला. चिखल काढायचा ब्रश राठ, तो झाडाच्या धाग्यांचा. अंगाला चकाकी आणायचा मऊ, तो घोड्याच्याच शेपटीच्या केसांचा. “घोड्याचं घोड्यालाच,” असं दादा म्हणतो. दादाचा हा एकच विनोद आहे आणि तो आम्ही अजून हसून ऐकतो.

एके काळी गिऱ्हाईक दारात उभं असायचं. मग पोलिसांचे घोडे जाऊन मोटारसायकली आल्या, घोडागाड्या भंगारात गेल्या आणि शर्यतीच्या तबेल्यांनी प्लास्टिकचे ब्रश घ्यायला सुरुवात केली. घोडेच उरले नाहीत तर खरारा काय गाढवाला करायचा? गाढवाला कुणी करत नाही. आम्ही विचारून पाहिलं होतं.

अशात मोठ्या रस्त्यावर, न्हाव्याच्या दुकानासमोर, ते केंद्र सुरू झालं. छोट्या धंद्यांना परदेशी बाजारपेठ मिळवून देणारं. खाली काचेचं दार, जिना चढून वर गेलं की गार हवा, मऊ खुर्च्या आणि पाटीवर ‘मोफत’ हा शब्द बाकी सगळ्या शब्दांपेक्षा मोठा.

“जाऊन तर बघू,” दादा म्हणाला. “फुकटच तर आहे.”

“फुकटात आपला दिवस जातो,” वहिनी म्हणाली, “तो कोण भरून देणार?”

पण दादाचा चेहरा बघून ती तयार झाली. माझा भाऊ असा माणूस आहे की चारचौघांच्या फोटोत तो नेहमी कडेला, अर्धा कापलेला. शाळेत हजेरी घेताना मास्तर त्याचं नाव विसरून पुढे जायचे आणि हा गप्प बसायचा. परदेशी बाजारपेठ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत जे काही आलं, ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दर बुधवारी आम्ही कारखाना बंद करून केंद्रात जायला लागलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या, पण बंद तो बंदच. तिथे एक साहेब होते, तरुण, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून जपून बसणारे. त्यांचं आवडतं वाक्य एकच: “निर्यात ही गोष्ट नाही, मॅडम, हा एक प्रवास आहे.” दुसऱ्याच बुधवारी वहिनीने त्यांचं नाव प्रवाससाहेब ठेवलं. “प्रवास यांचा आणि भाडं आपलं,” ती येताना म्हणाली.

प्रवासाचे टप्पे होते. पहिला टप्पा स्वतःला ओळखण्याचा, दुसरा ब्रँडला ओळखण्याचा. एका बुधवारी साहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि विचारलं, “तुमची वस्तू माणूस असती, तर कशी असती?” शिंपल्यांची बटणं करणारे एक आजोबा होते, ते म्हणाले, “गोल.” खुळखुळे करणारे दोघे भाऊ एकमेकांकडे बघत बसले. वहिनीची पाळी आली.

“माझा ब्रश माणूस असता,” ती म्हणाली, “तर आत्ता कामावर असता.”

साहेब हसले. त्यांनी ते फळ्यावर लिहूनही घेतलं. वहिनीला त्याचाच जास्त राग आला.

असं बरंच चाललं. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली, पिशव्या मिळाल्या, पिशव्यांवर केंद्राचं चिन्ह. पण माल कसा पाठवायचा, कुठे पाठवायचा, कोण घेणार, यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. कुणी विचारलंच, तर साहेब म्हणायचे, “ते पाचव्या टप्प्यात.”

आणि मग एक दिवस परदेश आपण होऊनच आमच्याकडे आला. इथल्या तबेल्यात एक मोतद्दार होता, पोटासाठी दूरदेशी गेलेला. जाताना तो आमचा मऊ ब्रश बरोबर घेऊन गेला होता. तिथल्या तबेल्याच्या मालकीणबाईंनी तो हातात घेतला, घोडीच्या पाठीवरून फिरवला आणि विचारलं, हा मिळतो कुठे? मोतद्दाराने वहिनीला फोन लावला. तिकडून मालकीणबाई बोलल्या, इकडून वहिनी बोलली, मध्ये मोतद्दार दुभाषी. फोन ठेवला तेव्हा आमच्याकडे मोठी ऑर्डर होती आणि दादा लाकडाच्या भुशात खाली बसला होता. 

वहिनी धावत केंद्रात गेली. मीही गेले. आता खरंच पाठवायचं होतं, तर कागद कोणते, खोकं कसं, शिक्का कुणाचा?

साहेबांनी संगणकात पाहिलं. “मॅडम, तुम्ही अजून दुसऱ्या टप्प्यात आहात.”

“हो, पण ऑर्डर पाचव्यात आली आहे.”

“तसं चालत नाही ना. आधी तुमची तयारी पूर्ण व्हायला हवी.”

“तयारी झाली आहे हो. ब्रश तयार आहेत, बाई तयार आहेत, तिकडे घोडीसुद्धा तयार आहे. तुम्ही फक्त सांगा, जायचं कसं.”

“मी तुम्हाला एक लिंक पाठवतो,” साहेब म्हणाले.

ती लिंक काही आली नाही. आम्ही आपल्या बुद्धीने खोकं बांधलं आणि पाठवलं. ते तिकडच्या बंदरावर जाऊन अडकलं. कागदावर वहिनीने इमानदारीने ‘केस’ लिहिलं होतं आणि तिकडे प्राण्याचा केस म्हटलं की रोगराईची भीती. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, नाहीतर माल जाळून टाकू, असा निरोप आला.

जाळून टाकू! महिनोनमहिने ओढलेले झुबके. वहिनीच्या बोटांना तारेने पडलेले चरे मी रोज बघत होते.

ती पुन्हा केंद्रात गेली. या वेळी आवाज चढलेला. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, माल निघाल्यानंतरच्या अडचणी आमच्या कक्षेत येत नाहीत. आम्ही फक्त सक्षम करतो.”

“कशासाठी सक्षम?”

“निर्यातीसाठी.”

“मग मी केली ना निर्यात! आता अडकली आहे. सोडवा.”

“ते कक्षेबाहेर आहे.”

वहिनी बाहेर आली आणि समोर न्हाव्याच्या बाकावर येऊन बसली. न्हाव्याने तिला पाणी दिलं आणि एक पत्ता दिला. त्याच्याकडे एक म्हातारे दाढी करायला येत, कस्टमच्या एजंटाकडे कारकून होते. बोटं कायम शाईने जांभळी, म्हणून सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. स्वभावाने तिरसट आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी वहिनीला चांगलंच फैलावर घेतलं. “केस लिहायच्या आधी विचारायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं?”

“विचारलं होतं,” वहिनी म्हणाली. “लिंक पाठवतो म्हणाले.”

शिक्केकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सांगितलं, सरकारी जनावरांच्या डॉक्टरकडे जा, केस उकळून वाळवता ते दाखव, दाखला घे, त्यावर अमक्याचा शिक्का घे, आणि तो तिकडे धाड. डॉक्टर भले होते. त्यांनी आमचं उकळण्याचं पिंप पाहिलं, केस हाताळून पाहिले आणि दाखला दिला. खोकं सुटलं. मालकीणबाईंचा निरोप आला की घोडी आरशासारखी दिसते, आणि पुढची ऑर्डर त्या निरोपातच होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी सांगायला बसलेच नसते.

दुसरा माल रवाना झाल्यावर केंद्रातून एक फोटोवाला आला. ‘नोंदीसाठी’ म्हणाला. दादाला खिडकीशी उभं केलं, हातात ब्रश दिला, हनुवटी वर करायला सांगितली. थोड्याच दिवसांत केंद्राच्या काचेवर पुरुषभर उंचीचं चित्र लागलं. पुढे दादा, हसरा, अख्खा, कुठेही न कापलेला. मागे धूसर अशी एक बाई, मान खाली घालून काहीतरी ओढतेय. खाली लिहिलेलं: ‘एका कातारीची सातासमुद्रापार झेप. आमच्या मोफत मार्गदर्शनामुळे.’

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. फक्त इथे बिळाची मालकीण धूसर करून टाकलेली.

वहिनी वर गेली आणि ते चित्र काढा म्हणाली. साहेबांनी नम्रपणे सांगितलं की पहिल्याच दिवशी तुम्ही परवानगीची सही केलेली आहे, आणि पुढच्या आठवड्यात इथेच समारंभ आहे, दादांना सन्मानचिन्ह आहे, मोठे पाहुणे येणार आहेत.

घरी त्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनीनेच विषय काढला.

“तुम्ही जाणार नाही त्या समारंभाला.”

दादा भाकरीकडे बघत राहिला. “एवढं काय बिघडलं अगं? फोटोच तर आहे.”

“खोटं आहे ते. त्यांनी काय केलं आपल्यासाठी? माल जळायची पाळी आली तेव्हा कक्षेबाहेर म्हणाले.”

“हो, पण... न्हाव्याकडे बसलो होतो परवा. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एकाने मला ओळखलं.” तो थांबला. “मला कुणी ओळखत नाही गं कधी.”

 वहिनीचा राग तसाच राहिला, पण विषय तिने तिथेच सोडला. मला दोघांचंही कळत होतं, म्हणून मी जास्तच चिडले. या लोकांनी नुसतं श्रेय नाही चोरलं. माझ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा जो आनंद झाला, तोसुद्धा खोट्याच्या पायावर उभा करून दिला. आता तो पाडायचा कुणी? बायकोने. म्हणजे वाईट कोण? बायको.

समारंभाला आम्ही तिघंही गेलो. दादाने नवा सदरा घातला होता. व्यासपीठावर त्याच्या हातात साहेबांनी कागद दिला, भाषण लिहून आणलं होतं. दादा वाचायला लागला. आवाज आधी कापरा, मग जरा बरा.

“केंद्राने माझं बोट धरलं नसतं, तर मी आजही माझ्या दोन खोल्यांतच राहिलो असतो. परदेशी ग्राहक कसा शोधावा, माल कसा पाठवावा, हे मला केंद्रानेच शिकवलं.” टाळ्या. “माझ्या या प्रवासात माझी पत्नीही घरकाम सांभाळून मला हातभार लावते.”

पुन्हा टाळ्या. त्या जरा जास्तच.

वहिनी उठली. मला वाटलं, आता ही माइक ओढणार. पण ती सरळ दाराकडे चालत गेली, तिच्या चपलांचा आवाज टाळ्यांत बुडाला आणि दार लागलं. मी मागोमाग.

जिन्यात एक बाई बसली होती, मांडीवर खोकं घेऊन. मेणबत्त्या करणारी. तिला पहिल्या टप्प्यात नाव घालायचं होतं. तिने वहिनीला ओळखलं नाही, ओळखणार कशी, काचेवर चेहराच नव्हता. मला म्हणाली, “ते आत ज्यांचा सत्कार चाललाय, त्यांचं यांच्यामुळेच झालं ना हो सगळं? मग मी पण बुधवारी कारखाना बंद ठेवीन म्हणते.”

वहिनी तिच्याशेजारी पायरीवर बसली. “काय करता तुम्ही? दाखवा.”

आणि तिथेच, जिन्यात, वरून भाषणं ऐकू येत असताना, वहिनीने तिला सगळं सांगितलं. खोकं कसं बांधायचं, कागदावर काय लिहायचं, काय विचारल्याशिवाय लिहायचं नाही, शिक्केकाकांचा पत्ता, त्यांच्या तोंडाकडे लक्ष द्यायचं नाही, सांगतात त्या शिक्क्याकडे द्यायचं. मेणाचं मला माहीत नाही, ते विचारून सांगते, असंही म्हणाली. बाईने विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी घरकाम सांभाळून हातभार लावते,” वहिनी म्हणाली.

घरी आल्यावर दादाने सन्मानचिन्ह कपाटामागे ठेवलं. उशिराने म्हणाला, “वाचता वाचता कळलं मला. त्या ओळीवर आलो तेव्हा. पण थांबता आलं नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या.” वहिनी अंथरुणं घालत होती. मग दादा म्हणाला, “मी नेभळट आहे.” दिवा मालवताना वहिनीने त्याचं पांघरूण सारखं केलं. ते मी पाहिलं.

पुढच्या बुधवारी वहिनीने आमचं जुनं घडीचं टेबल बाहेर काढलं. न्हाव्याला विचारून ते त्याच्या दुकानापुढे मांडलं, बरोबर केंद्राच्या दारासमोर. खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर लिहिलं: ‘माल परदेशी पाठवायचा आहे? माहीत असेल ते सांगू. माहीत नसेल तर तसं सांगू. आमचंही फुकटच आहे.’

टेबल उचलून आणलं दादाने. कुणी सांगितलं नव्हतं. मांडून झाल्यावर तो काचेवरच्या आपल्या चित्राकडे पाठ करून उभा राहिला.

पहिल्या दिवशी फक्त न्हाव्याची गिऱ्हाइकं आली, अर्धी दाढी झालेली, गंमत बघायला. मग मेणबत्त्यावाली आली. तिच्यापाठोपाठ बटणवाले आजोबा, मग खुळखुळेवाले भाऊ. वहिनी कुणाला गोड बोलली नाही. खुळखुळेवाल्यांना तर तिने झापलंच. “परदेशाचं नाव आत्ता काढू नका. हा रंग पोरांच्या तोंडात जातो. आधी तपासून घ्या, इथल्या पोरांसाठी तरी.” धाकटा भाऊ रुसला, थोरला रंग तपासायला गेला. शिक्केकाका दाढीच्या निमित्ताने यायचे आणि चेहऱ्याला साबण लावलेला असतानाच तिथून ओरडून उत्तरं द्यायचे. चूक दाखवायला मिळतेय म्हटल्यावर म्हातारा तरुण झाला होता.

केंद्राचा पहारेकरी येऊन टेबल हटवा म्हणाला. न्हाव्याने त्याला विचारलं, जागा माझी की तुझी? मग रस्त्यात अडथळा म्हणून तक्रार गेली. तपासायला आलेल्या माणसाचा मेहुणा चामड्याच्या पिशव्या करत होता. तो मेहुण्यासाठी माहिती विचारून गेला.

सगळ्यात संताप कशाचा, तर थोड्या दिवसांनी केंद्रातूनच माणसं खाली यायला लागली. “साहेब म्हणाले, याचं उत्तर खाली विचारा.” वर गार हवेत प्रवास आणि खाली उन्हात उत्तरं.

मग प्रवाससाहेब स्वतः आले. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीनतीनदा बघत. टेबलाशी चार माणसं थांबलेली होती.

“मॅडम, एक छोटी मदत हवी होती. साधारण किती लोक येऊन गेले असतील तुमच्याकडे?”

“कशाला?”

“नाही म्हणजे, आकडा हवा होता. तुम्ही मुळात आमच्याच प्रशिक्षणातून तयार झालात. त्यामुळे हा आमचा विस्तारित उपक्रम धरता येतो.”

वहिनीने एकदा त्या चार माणसांकडे पाहिलं आणि एकदा साहेबांकडे. “एकही नाही,” ती म्हणाली. “कुणीच येत नाही. मी हवा खायला बसते.”

साहेब घुटमळले. हळू आवाजात म्हणाले, “माझीही नोकरी कंत्राटी आहे, मॅडम. दर तिमाहीला आकडा वर जावा लागतो. माल गेला की नाही, ते कुणी विचारत नाही. किती जण आले, एवढंच विचारतात.”

क्षणभर मला त्यांची कीव आली. वहिनीलाही आली असावी, कारण तिने खुर्ची पुढे केली. “बसा. एका माणसाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मग आकड्याचं बघू.”

“मला मीटिंग आहे,” साहेब म्हणाले आणि गेले.

पुढच्या महिन्यात केंद्राचं पत्रक निघालं. त्यात ‘रस्त्यावरील मार्गदर्शन कक्ष, केंद्राचा अभिनव उपक्रम’ असं छापलं होतं आणि खाली आकडा. आमच्या अंदाजाच्या कितीतरी पट. बहुतेक न्हाव्याकडे दाढीला आलेलेसुद्धा धरले होते.

न्हाव्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती अगदी शांतपणे उठली, पुठ्ठा उलटा करून ठेवला आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणाली, “चला. आपण वरचे आहोत. छापलंय त्यांनी.”

आम्ही गेलो. मेणबत्त्यावाली, आजोबा, दोघे भाऊ, चामड्याच्या पिशव्यावाला मेहुणा, ज्यांना मी ओळखतही नव्हते असे कितीतरी, आणि गळ्यात न्हाव्याचा टॉवेल तसाच असलेले शिक्केकाका. दादा काम सोडून आला होता, अंगावर भुसा. सगळ्या मऊ खुर्च्या भरल्या. उरलेले जमिनीवर बसले. पहारेकरी कुणाला अडवावं या विचारात दार धरून उभाच राहिला.

आतल्या खोलीतून मोठ्या बाई आल्या, केंद्राच्या प्रमुख. त्यांना आम्ही एवढ्या बुधवारांत कधी पाहिलं नव्हतं.

“हा काय गोंधळ आहे?”

“गोंधळ नाही,” वहिनी म्हणाली. “लाभार्थी आहोत.” आणि पत्रक पुढे केलं. “आम्हाला मोजलंय तुम्ही. मोजलंय तर सांभाळा. नाहीतर हा आकडा खोटा आहे असं इथे सगळ्यांसमोर म्हणा, आम्ही लगेच उठतो.”

मोठ्या बाईंनी पत्रक वाचलं, साहेबांकडे पाहिलं. आकडा पुढे वरपर्यंत गेलेला होता. तो खोटा म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं. “बसा,” त्या म्हणाल्या, आणि आपण मात्र उभ्या राहिल्या.

वहिनीने मेणबत्त्यावालीला पुढे केलं. तिने विचारलं, मेणबत्त्या विमानाने पाठवता येतात का, आणि कागदावर त्यांना काय म्हणायचं?

“मी तुम्हाला एक लिंक पाठवतो,” साहेबांच्या तोंडून सवयीने गेलं.

“पाठवू नका. इथेच उघडा,” वहिनी म्हणाली. “आम्ही थांबतो.”

साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती उघडली. पडद्यावर दादा आला. हसरा, हनुवटी वर. ‘एका कातारीची सातासमुद्रापार झेप.’ लिंक फिरून फिरून केंद्राच्याच पानावर येत होती. महिनोनमहिने लोकांना पाठवायची म्हणत होते ती ही.

आधी आजोबा हसले. मग सगळी खोली. मी दादाकडे बघायचं टाळलं. पण तो पुढे आला, भुसा गालिच्यावर सांडत, आणि माझ्या भावाचा एवढा मोठा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

“हा काढा आधी. मी काही शोधलं नाही, मी काही पाठवलं नाही. ही मागे आहे ना धूसर, तिने केलं. आणि ती विचारायला आली तेव्हा तुम्ही तिला हाकललंत.” त्याचा श्वास पुरेना. “काढा म्हणतो ना!”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  वहिनीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

पुढे दुपारभर साहेब फोन लावत होते. हे कार्यालय, ते कार्यालय. शिक्केकाका मागे उभे राहून, “त्यांना नको, दुसऱ्यांना लाव,” असं खेकसत होते. मेणबत्त्यांचं उत्तर मिळालं. बटणांचं अर्धं मिळालं. दिवस मावळेपर्यंत साहेबांची इस्त्री पार मोडली होती आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते पहिल्यांदा माणसासारखे दिसले.

त्याचं फळ असं की शिक्केकाकांना आठवड्यातून एक दिवस केंद्रात खुर्ची मिळाली. पगारी. मेणबत्त्यावालीचं पहिलं खोकं विनाअडथळा पोचलं. आमच्या मालकीणबाईंनी आणखी एका तबेल्याला आमचं नाव सांगितलं. दादाचं चित्र काचेवरून उतरलं आणि काच काही दिवस मोकळी राहिली. वहिनीने टेबल घडी करून आत ठेवलं. आता बघतील ते, म्हणाली. झुबके ओढायला लागली.

काल बटणवाले आजोबा आले. दारातच उभे राहिले.

“काय झालं आजोबा? गेली का बटणं?”

“बटणं कसली जातात? अर्धं उत्तर अजून यायचंय.” त्यांनी टोपी काढली, परत घातली. “पण माझा फोटो लावलाय काचेवर. मोठा. सातासमुद्रापार म्हणून.”

वहिनीने हातातला झुबका खाली ठेवला आणि चपला शोधायला लागली. मी पट्टा अर्धाच शिवलेला सोडून उठले. मागे दादाने यंत्र बंद केल्याचा आवाज आला.